रक्ताचा रिपोर्ट चांगला होता

औषधाच्या डबीत वरून थोडा कापूस कोंबला की गोळ्या वाजत नाहीत. डबीवरचा कागद ओल्या फडक्याने घासला की नाव राहत नाही. मग डबी पिशवीच्या तळाशी आणि वर मेथीची जुडी. ही विद्या मला माझ्या पेशंटांनी शिकवली. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रात मी समुपदेशक होते. आधी अमरावतीला, नंतर निवृत्तीपर्यंत अकोल्याला.

समुपदेशक म्हणजे गोड बोलून धीर देणारी बाई, असं बाहेरच्यांना वाटतं. धीर देत होते, नाही असं नाही. पण माझं निम्मं काम संशय घेण्याचं होतं. "गोळ्या रोज घेता?" या प्रश्नाला "हाव" सोडून दुसरं उत्तर मी क्वचितच ऐकलं. मग उरलेल्या गोळ्या पाहायच्या, बायकोला वेगळं विचारायचं, लग्नकार्यात, वेचणीच्या दिवसांत, की घरात भांडण झालं तेव्हा गोळी राहिली ते आडून काढायचं. आणि मी त्यांच्यावर घेत होते त्याहून जास्त संशय ते माझ्यावर घेत. खुर्चीवर टेकण्याआधीच प्रश्न यायचा, "म्याडम, तुमचं माहेर कोनतं?" माझं माहेर एखाद्याच्या सासुरवाडीच्या जवळपास निघालं की तो माणूस दुसऱ्या केंद्रात नाव घालायला निघून जाई. एका किराणा दुकानदाराने अकोला, अमरावती आणि नागपूर अशा तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या नावांनी रक्त तपासून घेतलं. सगळीकडे निकाल एकच आला, तेव्हा तो मला म्हणाला, "म्हन्जे तुमी सारे आतून मिळेल आहा."

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र औषध लागू पडलेल्यांचा असे. "रिपोर्टमधी रोग दिसत नाई म्हन्ता, मंग गोळ्या काहून?" यावर मी कुंद्याचं सांगायची. कुंदा म्हणजे काळ्या जमिनीतलं चिवट तण; वरून कितीही निंदा, खाली त्याची मुळं राहतातच. निंदण थांबलं की तो पुन्हा वर. या विषाणूचंही तसंच. गोळ्या त्याची वाढ थांबवतात. पण तो शरीरातल्या गाठींमध्ये, आतड्यांच्या अस्तरात, मेंदूत काही पेशींच्या आत दडून राहतो. झोपलेल्याला गोळी काही करू शकत नाही. रक्ताच्या तपासणीत रक्तातलं तेवढंच दिसतं. शेतकरी माणसं मान डोलवत. मीही हे पाठ केल्यासारखं म्हणत असे, आणि माझ्या डोक्यात त्याचा अर्थ एवढाच होता की गोळी चुकवू नका. गोळी न चुकवताही काही होऊ शकतं, हे मला दिवाकरमुळे कळलं. नावं अर्थात सगळी बदलली आहेत.

दिवाकर अंजनगाव सुर्जीचा. त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीतलं पाणी आटलं की पंप कोरडा चालतो आणि मोटार जळते. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी तार गुंडाळायची, हे त्याचं काम. त्या वर्षांत विहिरी फार आटत, त्यामुळे दुकानापुढे जळालेल्या मोटारींची रांग असे. अंजनगावहून अमरावतीला रोज निम्मं गाव कामाला जातं, कोणीतरी पाहील, म्हणून तो औषधाला अकोल्याला यायचा. पूर्वी एकदा बरं वाटायला लागल्यावर त्याने काही महिने गोळ्या सोडल्या होत्या. त्यामुळे पहिली औषधं निकामी झाली आणि दुसऱ्या फळीची सुरू करावी लागली. तेव्हापासून तो माझ्या नजरेत होता.

त्याची बायको निर्मला दर वेळी सोबत येई. तिचं रक्त प्रत्येक तपासणीत निर्दोष आलं होतं. घरात हा आजार ठाऊक होता तो त्या दोघांनाच. दिवाकरचा थोरला भाऊ रामदास, आईवडील गेल्यावर त्यानेच दिवाकरला वाढवलं. त्याचा पानमळा होता, गावच्या भजनी मंडळात मान होता, दारू सोडा म्हणून तो लोकांच्या घरी जाऊन सांगायचा. "भाऊले कळलं तर मी त्याच्यासाठी मेलो," असं दिवाकर म्हणे. त्याने निर्मलाकडून शब्द घेतला होता, काहीही झालं तरी भावाला सांगायचं नाही.

एका उन्हाळ्यात निर्मला त्याला घेऊन आली तेव्हा सोबत शफीकभाई होते. त्यांचं वेल्डिंगचं दुकान दिवाकरच्या दुकानाला लागून. दिवाकर खुर्चीवर बसला, पण मला ओळखल्यासारखं त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. विनाकारण हसला. जीभ जड झाली होती. हात मांडीवर ठेवलेले, तरी बोटं थरथरत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"होळीपासून, ताई," निर्मला म्हणाली. "पयले विसरून राहिले होते. आता चालतानी झोक जाते."

शफीकभाई दारात उभे होते. म्हणाले, "म्याडम, यानं एका पाटलाची मोटार भरून देल्ली, थे उलटी फिरली. दुसरी देल्ली, थेबी उलटी. हा मानूस झोपीत तार जोडे, असा कारीगर. लोक म्हन्तात पिऊन राहिला. मी दिवसभर बाजूले असतो, वासबी नाई येत."

शफीकभाई बाहेर गेल्यावर मी गोळ्या पाहिल्या. बरोबर होत्या. मी निर्मलाला विचारलं, "समोर घेतात की हातात घेऊन बाहेर जातात?" ती म्हणाली, "मी तोंडात टाकते, पानी पाजते, मंग तोंड उघडून पायते." तरी माझा विश्वास बसेना. एकदा सोडलेला माणूस पुन्हा सोडतो, हे मी बरेचदा पाहिलं होतं. डॉक्टरांना मी तसं सांगितलंही. त्यांनी रक्त पाठवलं. रिपोर्ट आला तो असा, की रक्तात विषाणू सापडतच नाही. प्रतिकारशक्तीच्या पेशीही चांगल्या.

म्हणजे तो गोळ्या घेत होता. मग हे काय होतं?

डॉक्टरांचा पहिला संशय दारूवर, दुसरा फवारणीवर. त्या वर्षांत कपाशीवर काय काय मारलं जाई आणि फवारणारी माणसं दवाखान्यात कशी भरती होत, ते वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. पण दिवाकर शेतात जातच नव्हता. क्षय, बुरशी, गाठ, डॉक्टर एकेक तपासत गेले आणि एकेक खोडत गेले.

घरी मात्र रामदासभाऊंनी निकाल लावून टाकला होता.

ते केंद्रात आले तेव्हा त्यांच्या हातात ती डबी होती. निर्मलाच्या मागोमाग दुसऱ्या एसटीने आले होते. निर्मला आणि दिवाकर डॉक्टरांच्या खोलीत होते. दारावरची 'एआरटी केंद्र' ही पाटी त्यांनी वाचली, तिचा त्यांना काही अर्थ लागला नाही, आणि ते थेट माझ्या टेबलाशी आले. पांढरा सदरा, टोपी, कपाळाला बुक्का. डबी टेबलावर ठेवली, वरचा कापूस उपसून बाजूला ठेवला.

"हे कायच्या गोळ्या हायेत?"

मी डबी वळवून पाहिली.

"डबीवरचं नाव घासून टाकेल हाय. वरून कापूस भरेल हाय. धान्याच्या कोठीत लपून ठेवली होती. चांगल्या औषधाले कोनी असं लपोते का?"

"ही औषधं इथूनच दिली आहेत," मी म्हटलं. "सरकारी आहेत."

"कायची?"

"ते मी सांगू शकत नाही. दिवाकरभाऊंना विचारा."

"त्याले इचारू? थो मले काल 'बाबा' म्हने. बाप मरून इतके वर्सं झाले." त्यांनी टेबलावर हात टेकले. "त्याचे डोये पाहा तुमी. पिवये झाले. हात कापते. अन ते बाई ठनठनीत हाय. मले सांगा, एका चुलीवरचं खातात दोघं, मंग एकच कसा वाळते?"

आमच्याकडे त्या काळात 'औषध घेतलं' या शब्दांचा अर्थच बदलला होता. कोणी औषध घेतलं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होई, कारण ते फवारणीचं असे. प्रत्येक घरात, गोठ्यात, खाटेखाली त्या बाटल्या होत्या. बायको नवऱ्याला थोडं थोडं औषध देते आहे, असं रामदासभाऊंच्या डोक्यात आलं, यात मला नवल वाटलं नाही. डोळे पिवळे होतात ते या दुसऱ्या फळीतल्या एका गोळीमुळे, त्याने काही बिघडत नाही. निर्मला ठणठणीत कारण तिला आजारच नाही. माझ्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं होती आणि त्यातलं एकही मला देता येत नव्हतं. पेशंटच्या परवानगीशिवाय आजाराचं नाव उच्चारायचं नाही, हा आमचा पहिला नियम. पेशंट परवानगी देण्याच्या शुद्धीत नव्हता. जितकी मी गप्प राहिले, तितका त्यांचा संशय पक्का होत गेला.

"तुमीबी तिच्याच वाटनीच्या दिसता," ते म्हणाले आणि डबी खिशात घालू लागले.

तेवढ्यात आतून निर्मला आली. भासऱ्याला पाहताच तिने पदर सावरला, आणि डबी पाहून तिचा चेहरा उतरला. "भाऊजी, थे देऊन द्या. त्याह्यले खंड नाई पडला पायजे."

"कायचा खंड? नाव सांग औषधाचं."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

गोंधळ ऐकून डॉक्टर बाहेर आले. त्यांनी रामदासभाऊंना बसवलं. म्हणाले, "मी या माणसाचा डॉक्टर आहे. ही औषधं माझ्या सहीने जातात. यात विष निघालं तर पोलिसांना घेऊन माझ्याकडे या, हिच्याकडे नाही. पण ती बंद केली आणि तुमच्या भावाचं काही झालं, तर ते तुमच्यावर येईल." रामदासभाऊंनी डबी परत ठेवली. जाताना मात्र ते निर्मलाला म्हणाले, "आजपासून त्याचं ताट माह्या घरून येईन."

पुढच्या आठवड्यात दिवाकरला भरती करून मेंदूचा फोटो काढला. त्यात पांढरे डाग दिसत होते. डॉक्टरांनी नागपूरच्या एका मेंदूच्या डॉक्टरांशी फोनवर बरंच बोलून घेतलं आणि मग मला म्हणाले, "आपण चुकीच्या जागी शोधतोय असं वाटतं. पाठीतलं पाणी काढावं लागेल." मेंदूभोवती जे पाणी असतं तेच मणक्यातून खाली येतं. मेंदूला शरीराने स्वतःच एक राखण दिलेली असते. रक्तातली प्रत्येक गोष्ट त्यातून आत जात नाही, बरीच औषधंही पुरेशी जात नाहीत. रक्त स्वच्छ असताना विषाणू त्या पलीकडे राहून वाढत असेल, असा त्यांचा संशय होता. क्वचित असं होतं, म्हणाले. मी तोवर ते ऐकलंही नव्हतं.

वॉर्डात ही गोष्ट कळताच रामदासभाऊ खाटेच्या आडवे उभे राहिले. "पाठीतून पानी काढलं का मानूस लुळा होते. आमच्या गावात झालं हाय. मी काढू देनार नाई."

सही बायकोची लागत होती. निर्मला वॉर्डाच्या बाहेर, पाण्याच्या टाकीपाशी बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिला 'भावाला सांगून टाक' म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. मी एवढंच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"याह्यचं काई बरंवाईट झालं तर भाऊजी म्हन्तीन, पयले औषध देल्लं, मंग सुई मारली." ती बोटाने ओल्या फरशीवर रेघा ओढत होती. "मी आज त्याह्यले रोगाचं नाव सांगतलं तर मी सुटते, ताई. हे नाई सुटत. बरे झाल्यावर भावाच्या तोंडापुढं कसे उभे रायतीन?"

"आणि बरे नाही झाले तर?"

"मंग मले सुटून तरी काय करा लागते?"

ती उठली आणि सही करून आली. रामदासभाऊंनी तिच्याकडे पाहून हात जोडले. नमस्कारासाठी नव्हे, संपलं असं सांगण्यासाठी. डॉक्टरांनी सुई घातली. दिवाकर लुळा झाला नाही, पण त्याच दिवशी रामदासभाऊंनी निर्मलाच्या भावाला फोन करून बोलावून घेतलं. "तुमची बहीन घेऊन जा. माह्या भावाचं मी पाहीन."

तिने वाद घातला नाही. ती शफीकभाईंकडे गेली. मला हे नंतर शफीकभाईंनीच सांगितलं. ती डबी त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "भाऊ, हे दवा त्याह्यले रोज तुमच्या हातानं द्या. तोंडात टाका, पानी पाजा, तोंड उघडून पाहा." शफीकभाईंनी कशाची दवा ते विचारलं नाही. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला शंका नाही आली?" ते म्हणाले, "आली ना म्याडम. पन ते बाई रडून नव्हती राहिली. खोटं बोलनारी अगोदर रडली असती." हे काही शास्त्र नव्हे, पण माझ्या वर्षानुवर्षांच्या तपासण्यांपेक्षा ते वाईटही नव्हतं.

पाण्याचा रिपोर्ट बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेतून यायला वेळ लागला. डॉक्टरांनी तो माझ्यापुढे ठेवला. रक्तात ज्याचा मागमूस नव्हता, तो त्या पाण्यात भरपूर होता. डॉक्टर म्हणाले, "दिवाकरने एकही गोळी चुकवली नव्हती."

औषधं बदलली. मेंदूपर्यंत पोहोचतील अशी निवडून दिली. गोळी निर्मलाच्या हातची नव्हती, म्हणून रामदासभाऊही आड आले नाहीत. शफीकभाई दर वेळी स्कूटरवर मागे दिवाकरला बसवून एसटी स्टँडवर आणत आणि तिथून गाडीने अकोल्याला. काही आठवड्यांनी दिवाकरने मला नाव घेऊन हाक मारली. आणखी काही दिवसांनी त्याची जीभ मोकळी झाली. पावसाळा सरता सरता तो काठी न घेता चालत आला.

आणि इथे ती गोष्ट घडली, जिचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. बायको माहेरी गेली आणि नवरा सुधारला, हे सगळ्या आळीने डोळ्यांनी पाहिलं. रामदासभाऊ ज्याला त्याला सांगत सुटले, "पाहा, तिचा हात सुटला अन माहा भाऊ उठून बसला." आता त्यांना पुरावाच मिळाला होता. औषध बदललं हे फक्त आम्हाला ठाऊक, आणि आमची तोंडं बंद. निर्मलाच्या माहेरी, दर्यापूरकडच्या एका खेड्यात, ही गोष्ट पोचायला किती वेळ लागणार? तिथल्या बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं.

दिवाकरला ते महिने आठवतच नव्हते. तो मला म्हणाला, "निर्मला काहून गेली? भाऊ म्हन्ते, तिनं मले काई देल्लं. खरं हाय का जी?"

त्या प्रश्नाने मला संताप आला. त्याच्यावर नाही, त्या सगळ्या गप्प राहण्यावर. पण आता तो शुद्धीत होता, आणि त्याचा आजार त्याला सांगायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती. मी दार लावून त्याला पहिल्यापासून सांगितलं. डबी, कोठी, टेबल, वॉर्ड, सही. मग पाठीतल्या पाण्याचं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता.

"म्हन्जे मेन स्विच बंद, पन कपॅसिटरमधी करंट होता," तो म्हणाला. "अन मी गोळ्या घेऊन राहिलो होतो?"

"रोज."

"थे पाजून राहिली होती."

"हो."

तो उठून दारापर्यंत जाऊन आला. मग म्हणाला, "भाऊले अठीच बलावतो. घरी नाई होनार माह्यानं."

रामदासभाऊ आले. दिवाकरने मला बाहेर जाऊ दिलं नाही. दोघे भाऊ समोरासमोर बसले. दिवाकरने आजाराचं नाव घेतलं. सरळ, काही प्रस्तावना न करता. कधीपासून आहे तेही सांगितलं. डबीवरचं नाव आपणच घासलं होतं, कापूस आपणच भरला होता, निर्मलाकडून शब्द आपणच घेतला होता, हेही सांगितलं. त्याने दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरले.

रामदासभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं होतं, ते उठून जातील. ते म्हणाले, "मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी मले घराबाहेर काढलं असतं."

"काढलं असतं," ते म्हणाले. खोटं बोलले नाहीत. मग टोपीची घडी नीट करत, "तिले सारं ठाऊक होतं?"

"हाव."

"वॉर्डात मी हात जोडले तवाबी?"

"हाव."

त्यांनी टोपी घातली आणि मला विचारलं, दर्यापूरची गाडी किती वाजता आहे.

दिवाकर पुढे दुकानात बसू लागला. बारीक मोटारी आता त्याच्याने होत नाहीत, बोटं साथ देत नाहीत. मोठ्या भरतो, जोडणी शफीकभाई पाहून घेतात. मी नोकरीत असेपर्यंत तो न चुकता येत होता. रक्ताचा चांगला रिपोर्ट हातात दिला की त्याचा चेहरा कोरडाच राही. "अन वरचं?" असं डोक्याकडे बोट करून विचारी. मी त्याला खात्री देत नसे. तेव्हापासून मी ती कोणालाच दिली नाही.

निर्मला परत आल्यावर पहिल्यांदा केंद्रात आली, तेव्हा अंगावर नवं लुगडं होतं. दिवाकर औषधांच्या रांगेत उभा होता. मी तिला विचारलं, "रामदासभाऊ काय म्हणाले?"

"माहेरी आले होते. भर अंगनात पाया पडाले वाकले. मी म्हन्लं, वाकू नका, मोठे हा तुमी. घरी आल्यावर जेवाले या."

"आले?"

"आले ना. मी वरन-भात, पोळी, वांग्याची भाजी केली. ताट वाढलं अन समोर बसली."

"मग?"

तिने रांगेतल्या नवऱ्याकडे एकदा पाहून घेतलं.

"पयला घास उचलला अन हात थांबला त्याह्यचा, ताई. जराकसा. मंग जेवले."